दादाभाऊंचा डावा हात

आळेफाट्यावर कुठंही जरा टेकायला बसलं की माणूस दादाभाऊ शिरसाठांच्या नावावरच बसायचा. एस.टी. स्टँडवरचे बाक त्यांचे, दवाखान्याबाहेरचे त्यांचे, शाळेच्या व्हरांड्यातले त्यांचे आणि स्मशानभूमीतला एकुलता एक बाकही त्यांचाच. प्रत्येकाच्या पाठीवर ठसठशीत पिवळी अक्षरं: 'सप्रेम भेट – दादाभाऊ लाजरस शिरसाठ, शिरसाठ फॅब्रिकेशन.' एकदा रंग ओला असतानाच कुणी पांढऱ्या शर्टातला पाहुणा स्टँडवरच्या बाकाला रेलून बसला. तो नाशिकच्या गाडीत चढला तेव्हा त्याच्या पाठीवर दादाभाऊंचं नाव उलटं उमटलं होतं. लोकांनी दादाभाऊंना सांगितलं, तर ते म्हणाले, "उलटं का असंना, नाशकापर्यंत गेलं ना!"

माणूस मनाचा मोठा होता, यात वाद नाही. ग्रिल, गेट, शटर यांतून उरलेलं लोखंड भंगारात घालण्याऐवजी ते त्याचं काहीतरी करून कुणाला तरी देऊन टाकायचे. फक्त दिलेलं कुणी दिलं हे जगाला कळलं नाही, तर त्यांना जेवण जायचं नाही. बायको प्रयागबाई म्हणायची, "यांनी भिकाऱ्याला भाकर दिली तरी भाकरीवर नाव टाकत्याल."

शिरसाठांचं घराणं तीन पिढ्यांचं ख्रिस्ती. दर रविवारी दोघं नवरा-बायको फाट्यामागच्या छोट्या मंडळीत उपासनेला जायची. तिथं पाळकसाहेब ज्या स्टीलच्या स्टँडमागं उभं राहून उपदेश करायचे, तो स्टँडही दादाभाऊंचीच भेट. नाव अर्थात मंडळीच्या बाजूला. पाळकसाहेबांना ते दिसायचं नाही, बाकी सगळ्यांना दिसायचं.

एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातला डोंगरावरचा उपदेश घेतला. भरत साळवे नाव त्यांचं, आवाज मऊ, पण शब्द नेमका. म्हणाले, "दान करताना पुढं वाजंत्री लावू नका. उजवा हात काय देतो हे डाव्या हाताला सुद्धा कळू देऊ नका. बघणारा स्वर्गातला बाप गुप्तपणे बघतो." बोलता बोलता त्यांनी दोन्ही कोपरं स्टँडवर टेकली. कोपरांच्या बरोबर मधोमध पिवळ्या अक्षरांत दादाभाऊ. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी मान तिरकी करून ते नाव सावकाश वाचलं. प्रयागबाईला पदरात तोंड घालून खोकावं लागलं.

घरी येताच दादाभाऊंनी विचारलं, "पाळकसाहेब माझ्यावर बोलले का गं?"

"न्हाई वो. ते सगळ्यांवरच बोलले. नाव तेवढं तुमचं व्हतं समोर."

दादाभाऊंनी त्या दिवशी वाढून घेतलेला मटणाचा रस्साही तसाच ठेवला. संध्याकाळी त्यांनी स्वतः बायबल काढलं, चष्मा लावला आणि ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. पाळकांनी वाढवून सांगितलं असेल तर बरं, अशी बारीक आशा होती. पण पाळकांनी काहीच वाढवलं नव्हतं.

"एकदा करून बघतो," ते म्हणाले. "एकच. कुणाला कळणार न्हाई असं."

"मला कळलं की आत्ताच."

"तू धरायची न्हाईस त्याच्यात."

"का? मी तुमचा डावा हात न्हाई व्हय?" प्रयागबाई म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

संधी फार लांब शोधावी लागली नाही. मढला एका बंगल्याचं गेट बसवायला गेले असताना, खालच्या वाडीत पाणी प्यायला म्हणून ते झऱ्यावर उतरले. तिकडं पाऊस दणकून, त्यामुळं झऱ्याच्या दगडी पायऱ्या बारमाही शेवाळलेल्या. एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन चढत होती, ती चढता चढता सरळ बसलीच. हंडा गडगडत खाली. दादाभाऊ धावले. म्हातारी शांतपणे म्हणाली, "राहू दे बाबा. बसायचंच असतं हितं. उभ्यानं कोण जातंय?" तिचं नाव साळुबाई. वाडीतल्या सगळ्या बायका त्या पायऱ्यांवर कधी ना कधी बसल्या होत्या. एकीचा तर हातच मोडला होता.

दादाभाऊंच्या डोक्यात रेलिंग तयार झालं ते तिथंच.

वर्कशॉपमध्ये त्यांनी पाइप कापले, वाकवले, घासले, रंगवले. पिवळ्या रंगाचा डबा शेल्फवर होता. सवयीनं त्यांनी झाकण उघडलं, ब्रश बुडवला, 'स' काढला आणि मग दचकून थांबले. तो 'स' पुसायला त्यांना अर्धी वाटी थिनर लागलं, आणि त्याहून जास्त मनाची ताकद.

वाडीतली सगळी माणसं ओतूरला एका लग्नाला जाणार आहेत असं कळलं, त्या दुपारी दादाभाऊंनी आपला छोटा हत्ती टेम्पो काढला. पाइप भरले, सिमेंटची गोणी भरली, ड्रिल भरलं. झऱ्यावर वीज कुठली? म्हणून जनरेटरही भरला. आता हे गुप्तदान किती गुप्त होतं, ते सांगायला हवं. जनरेटर सुरू झाला आणि सगळी दरी दणाणून गेली. झाडांवरची वानरं उठून पलीकडच्या डोंगरावर गेली. वरच्या रस्त्यानं माळशेजला निघालेल्या मोटारसायकलवाल्यांनी थांबून मोबाइलवर शूटिंग घेतलं. दादाभाऊंनी तोंडाला रुमाल बांधला, टोपी खाली ओढली आणि दगडाला भोकं पाडत राहिले. कुणी हाक मारली की पाठ करायची, एवढीच त्यांची गुप्तता.

वाडीत मागं राहिली होती ती फक्त साळुबाई. गुडघ्यामुळं तिला लग्नाच्या टेम्पोत चढता आलं नव्हतं. ती वरच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. काम संपल्यावर तिनं विचारलं, "सरकारी हाय का तुमी?"

"न्हाई मावशी."

"मग कोण?"

खोटं बोलायचं नाही, हेही शास्त्रातच होतं. दादाभाऊ घाम पुसत म्हणाले, "वेल्डिंगवाला हाय. नाव नका विचारू."

"पोलिसबिलिस मागं लागलेत का?" साळुबाईनं काळजीनं विचारलं आणि त्यांना गुळाचा खडा आणून दिला.

घरी परतताना दादाभाऊंना फार पवित्र वाटलं. हे वाटणं टिकलं सकाळपर्यंत. सकाळी चहाच्या टपरीवर ते उगाच म्हणाले, "मढकडं काय नवीन?" टपरीवाला म्हणाला, "मढला काय असणार?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मढच्या एका गिऱ्हाईकाला फोन लावून गेटला ग्रीस लागतं का विचारलं, आणि हळूच, "बाकी वाडीत सगळं ठीक?" गिऱ्हाईक म्हणालं, ठीक. दादाभाऊंना खरूज आल्यासारखं होऊ लागलं.

"सांगून टाका कुणाला तरी," प्रयागबाई म्हणाली. "अंगावर पित्त उठंल."

"न्हाई. डाव्या हाताला कळू द्यायचं न्हाई."

"तुमी मढवरनं आल्यापासनं डावा हात तुमच्या कपड्यावरचं सिमेंट धुतोय, त्याला कधीच कळलंय."

आठवडाभरानं त्यांना बातमी कळली, पण बातमी फ्लेक्सवर होती. मढच्या रस्त्याला भला मोठा फ्लेक्स, त्यावर हात जोडलेला गोरख. गोरख म्हणजे त्या भागातला होतकरू पुढारी. ग्रामपंचायतीला एकदा पडलेला आणि पुन्हा उभं राहायच्या तयारीतला. खाली लिहिलं होतं: 'झऱ्याच्या पायऱ्यांना रेलिंग! वचनपूर्ती! गोरखभाऊंच्या अथक प्रयत्नांना यश!'

दादाभाऊंनी गाडी रस्त्याच्या कडेला लावली आणि फ्लेक्सकडं बघत बसले. डोळे लाल झाले होते. मग ते मोठ्यानं, एकटेच, गाडीतल्या स्टेअरिंगला म्हणाले, "अथक?"

खरी परीक्षा अजून पुढंच होती. दोन दिवसांनी गोरख स्वतः वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. पांढरेशुभ्र कपडे, गळ्यात गमछा.

"दादाभाऊ, सलाम. एक नेमप्लेट पायजे राव. स्टीलची, कोरीव. झऱ्याच्या रेलिंगला लावायची. रविवारी दुपारी कार्यक्रम ठेवलाय. तुमच्यासारखं काम तालुक्यात कुणाचं न्हाई."

"कुणी बसवलं ते रेलिंग?" दादाभाऊंनी विचारलं. आवाज जरा चिरकला.

"आमच्या प्रयत्नानं बसलं."

"पण बसवलं कुणी?"

"शासनाच्या कुठल्या तरी स्कीममधी असंल राव. आता त्याच्या खोलात कशाला जायचं? आपण पाठपुरावा करत व्हतो, तेवढ्यात झालं."

दादाभाऊंच्या हातात ग्राइंडर होता. प्रयागबाई आतल्या दारातून बघत होती. ती पुढं आली आणि तिनं सॉकेटमधून ग्राइंडरची पिन शांतपणे काढून घेतली.

गोरख गेल्यावर दादाभाऊ म्हणाले, "मी न्हाई करणार."

"नका करू. मग तो म्हणणार, का? मग तुमी सांगणार. मग उजव्याचं डाव्याला कळणार, आणि डाव्याचं अख्ख्या जुन्नर तालुक्याला."

रात्रभर नाही, पण जेवेपर्यंत विचार करून दादाभाऊंनी ती प्लेट केली. आपल्या हातानं 'गोरखभाऊ' अशी अक्षरं कोरताना त्यांना जे वाटलं, ते एखाद्या हुतात्म्यालाच ठाऊक असेल. वाईट गोष्ट अशी, की प्लेट झाली होती अतिशय सुंदर. वाईट काम त्यांना येतच नव्हतं.

रविवारी उपासना आटपून दोघं मढला गेली. झऱ्यावर मांडव, स्पीकर, नारळ. दादाभाऊंना प्लेट बसवायला बोलावलं होतं. ते ड्रिल घेऊन रेलिंगपाशी आले, आणि तेवढ्यात साळुबाईनं त्यांना ओळखलं. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळं ती बोलायची ती सगळ्या वाडीला ऐकू जाईल असंच.

"अगं बया, ह्यो तर तोच! तोंडाला फडकं बांधून आलता! ह्यानंच लावलं रेलिंग! एकट्यानं! मी गूळ दिला ह्याला!"

सगळी वाडी वळून दादाभाऊंकडं बघू लागली. दादाभाऊंनी ओठावर बोट ठेवलं. साळुबाईला वाटलं त्यांना तहान लागलीय, ती म्हणाली, "पाणी द्या रं त्याला!"

गोरख माइक हातात धरून उभा होता. त्याचा चेहरा खडूसारखा झाला. त्यानं विचारलं, "दादाभाऊ... आजी म्हणते ते खरं का?"

दादाभाऊंनी ड्रिल खाली ठेवलं. 'नाही' म्हणावं तर खोटं. 'हो' म्हणावं तर इतके दिवस दात-ओठ खाऊन सांभाळलेलं गुप्तदान पाण्यात. आणि तिसरी गोष्ट, जी त्यांनी नंतर फक्त बायकोला सांगितली, ती अशी की 'हो' म्हणायला त्यांच्या जिभेला पाणी सुटलं होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटत होती.

"खरंय," ते शेवटी म्हणाले. "मीच आलतो."

मग गोरखचा चेहरा असा उजळला, जसा दिवा लागावा.

"ऐकलंत मंडळी?" तो माइकमध्ये गरजला. "मीच सांगितलं होतं यांना! म्हटलं, दादाभाऊ, गाजावाजा नको. तोंड झाका, पण काम करा! आमच्या पक्षाची हीच पद्धत आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी दादाभाऊंच्या खांद्यावर शाल टाकली. दादाभाऊ गोरखकडं बघत राहिले. आधी त्यांच्या मिशा हलल्या, मग खांदे, मग पोट, आणि मग ते इतके हसायला लागले की पायरीवरून घसरलेच. रेलिंग हाताशी होतं म्हणून वाचले. पलीकडं प्रयागबाई डोळे पुसत होती.

दादाभाऊंनी ठरल्याप्रमाणं प्लेट बसवली. कार्यक्रम आटपून लोक पांगल्यावर गोरख जवळ आला. माइक नसल्यामुळं आवाज बारीक.

"दादाभाऊ, खरंच तुमी स्वतःहून केलं व्हय? मग फ्लेक्स लागला तवा बोलला का न्हाई? मला कोर्टात खेचलं असतं दुसऱ्यानं."

"आमच्या शास्त्रात सांगितलंय. उजवा हात देतो ते डाव्याला कळू द्यायचं न्हाई."

गोरखनं जरा विचार केला. "म्हंजे मी तुमचा डावा हात झालो की. मला कायबी ठाऊक नव्हतं."

"डावा हात असा फ्लेक्स लावत न्हाई," प्रयागबाई मागून म्हणाली.

यावर गोरख लाजला. पुढारी लाजलेला दादाभाऊंनी पहिल्यांदाच पाहिला.

खरी गंमत त्यानंतर झाली. प्लेट वाचून आजूबाजूच्या वाड्या गोरखच्या दारात येऊ लागल्या. आमच्या शाळेच्या ओढ्यावर कठडा नाही. आमच्या मंदिराच्या चढाला धरायला काही नाही. तुमच्या अथक प्रयत्नांचं आमच्याकडं कधी बघता? गोरख बाजारात दिसला की बायका त्याला घेराव घालायच्या. एकीनं तर भर लग्नात, जेवणाच्या पंगतीत, त्याच्या पानापाशी येऊन ओढ्याच्या कठड्याचं विचारलं. त्याला जिलेबी गोड लागेना.

पावसाळ्याच्या तोंडाला तो पुन्हा वर्कशॉपवर आला. या वेळी जीपमध्ये मागं पाइप भरलेले, आणि त्याचे पांढरे कपडे गंजानं तांबडे झालेले.

"ओढ्याच्या कठड्याला एवढे बास हायेत का बघा," तो म्हणाला. "मी येतो बसवायला. धरायला माणूस लागंल ना?"

दादाभाऊंनी पाइप वाजवून बघितले. माल चांगला होता. "लागंल," ते म्हणाले. "आणि नाव? प्लेट करू का पहिल्यासारखी?"

गोरखनं घाबरून दोन्ही हात वर केले.

"नाव अजिबात नको राव! पाया पडतो. नाव दिसलं की लोकं पुढचं मागत्यात!"

आत प्रयागबाई एवढी हसली की चहा उतू गेला. तिनं पुन्हा आधण ठेवलं, या वेळी तिघांचं, आणि दादाभाऊंनी मोजपट्टी काढून पहिल्या पाइपवर खडूची खूण केली.