उंदीरमावशीचे म्हातारे

संशोधन संस्थेत सगळे तिला उंदीरमावशी म्हणत. तिचं काम होतं उंदरांना म्हातारपणापर्यंत नेण्याचं. ऐकायला गंमत वाटते, पण उंदराला दोन-अडीच वर्षं धडधाकट ठेवणं म्हणजे खायचं काम नाही. नर एकमेकांना चावतात, कुणाचे दात वाढून खाणं सुटतं. मावशी भांडकुदळांना वेगळं ठेवी, थकलेल्यांना दाणे भिजवून देई, पिंजऱ्यातला भुसा ओला नाही ना, ते चाचपून बघे.

तिथल्या मॅडम मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करत. रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं, हे त्या वाहिन्यांची आतली भिंत ठरवते. वय झालं की ती भिंत चिडकी होते, जरा कशाचं निमित्त झालं की सुजते, आणि सूज लवकर उतरत नाही. मदतीला आलेल्या पांढऱ्या पेशीही तिथेच ठाण मांडतात. पण उंदराला जखम असली तर सूज वयाची की जखमेची, हे कळणार कसं? म्हणून मॅडमना निरोगी म्हातारे लागत, आणि ते मावशीकडेच मिळत. उंदीर मॅडमकडे गेला की परत येत नसे. त्या दिवशी मावशी त्याचा रिकामा पिंजरा स्वतः धुऊन ठेवी.

नवरा निवृत्त बसचालक. बायको उंदीर सांभाळते हे सांगायची त्याला लाज वाटे. ‘दवाखान्यात असते’ म्हणून तो वेळ मारून नेई. मावशीला ते लागे, पण तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

मग त्यालाच अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता, पण उजवा हात जड झाला, जीभ अडखळू लागली. व्यसन नाही, मग मलाच का, म्हणून तो धुमसत राही. एकदा त्याचा हात चोळता चोळता मावशीनं त्याला रक्तवाहिन्यांची सगळी हकिकत सांगितली. तो ऐकतच राहिला.

“हे तुला कुणी सांगितलं?”

“अहो, इतकी वर्षं तेच तर करतेय.”

पुढे संस्था लोकांना बघायला खुली ठेवली, तेव्हा तो आपणहून निघाला. भिंतीवर दोन मोठी चित्रं होती. एक तरुण उंदराच्या मेंदूतल्या वाहिनीचं, दुसरं म्हाताऱ्या उंदराच्या वाहिनीचं. दुसऱ्यात ठिकठिकाणी पेशी चिकटलेल्या. चित्रांखाली आभार मानलेल्यांत मावशीचंही नाव होतं. शेजारून पुढे निघालेल्या एका गृहस्थांना त्यानं हातानं थांबवलं. शब्द जुळवायला त्याला वेळ लागला.

“हा उंदीर,” तो दुसऱ्या चित्राकडे बोट दाखवत म्हणाला, “माझ्या बायकोनं म्हातारा केलाय.”

गृहस्थ गोंधळून मावशीकडे बघू लागले. मॅडम मागेच होत्या. त्या म्हणाल्या की बरोबर आहे, असे म्हातारे दुसऱ्या कुणाला जमत नाहीत. मावशीला हसूही आलं आणि डोळेही भरून आले.

हल्ली तो फिरायला गेला की बाकावरच्या मंडळींना मेंदूच्या वाहिन्या समजावतो. निम्मं चुकीचं सांगतो. मावशी शेजारी बसून ऐकते आणि त्याला मध्ये तोडत नाही.