दिवाकरसाठी अकरा किलो

वनमाला ढोबळेला तिचं वजन कधी नडलं नव्हतं. निदान तिला तरी तसंच वाटायचं. नवरा गेला तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, मुलगी गंधाली पाचची. राज्य नुकतंच वेगळं झालेलं, कचेऱ्यांत माणसं कमी पडत होती. अनुकंपेवर तिला मंत्रालयात आवक-जावक शाखेत जागा मिळाली. तेव्हा मंत्रालय गावातच, जुन्या रायपुरात होतं. तात्यापाऱ्यातल्या घरून ती पायी निघायची, वीस मिनिटांत टेबलाशी. जिने होते, लिफ्ट कायम बंद. फायली हातात घेऊन दिवसभर वरखाली चालायचं.

मग सगळं नव्या रायपुरात गेलं. सकाळी तेलीबांध्याला जाऊन कर्मचाऱ्यांची बस पकडायची, पाऊण तास बसून जायचं, दिवसभर बसायचं, संध्याकाळी बसूनच परत. तिथले रस्ते एवढे रुंद आणि मोकळे, की जेवणानंतर पाय मोकळे करायला जावं तर ना सावली, ना एखादं दुकान. बसमध्ये मात्र कोणी बेसनाची तळलेली ठेठरी आणायचं, कोणी गोड खुरमी, आणि डबे सगळ्यांमधून फिरायचे. चार वर्षांत ती सहासष्ट किलोंवरून चौऱ्याऐंशीला गेली. ब्लाउज उसवून घेतले, आरशात बघणं कमी केलं. कोणी विचारलंच तर वय झालं म्हणायची, आणि वय होतं शेहेचाळीस.

तिचा धाकटा भाऊ दिवाकर रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर. आई लवकर गेल्यामुळे त्याची शाळा, त्याचे डबे, त्याची आजारपणं वनमालानंच काढलेली. त्याचा रक्तदाब किती वर्षं वाढलेला होता कोणाला ठाऊक, कारण त्यानं तो कधी मोजूनच घेतला नव्हता. पाय सुजायला लागले तेव्हा तपासणी झाली आणि कळलं, दोन्ही मूत्रपिंडं जवळपास संपलेली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणी मूत्रपिंड दिलं तर माणूस पुन्हा कामावर जाऊ शकेल. त्याची बायको क्षमा आधी पुढे झाली, पण तिचा रक्तगट जुळला नाही. वनमालाचा जुळला. पुढच्या तपासण्याही चांगल्या आल्या. वनमालानं त्या रात्री पहिल्यांदा नीट झोप घेतली.

पण दात्यांची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं, उंची घेतली आणि मान हलवली. एवढ्या उंचीला एवढं वजन असताना शस्त्रक्रिया तिच्यासाठीच धोक्याची, आणि मागे राहणाऱ्या एका मूत्रपिंडावरही भार. त्र्याहत्तरच्या खाली या, मग बघू. म्हणजे अकरा किलो. किती दिवसांत, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, घाई करू नका. तिनं तेवढंच ऐकलं नाही.

बसमधल्या एकीनं मोबाईलवर एक तक्ता दाखवला. दिवसाला आठशे कॅलरी, महिन्यात दहा किलो. वनमालानं हिशेब केला, महिना-सव्वा महिना आणि दिवाकर सुटला. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा बदलला. सकाळी काळा चहा, दुपारी दोन काकड्या आणि वाटीभर ताक, रात्री उकडलेली लौकी, म्हणजे दुधी. गंधालीसाठी ती नेहमीसारखा वरणभात करायची आणि स्वतः उठून गॅलरीत जायची, वास नको म्हणून. मुलगी म्हणायची, “आई, थोड़ा तो खा लो.” वनमाला सांगायची, ऑफिसात खाल्लं.

तीन आठवड्यांत तीन किलो गेले. तिला अभिमान वाटला. डोकं दुखायचं, केस हातात यायचे, फायलींचे क्रमांक चुकायला लागले, पण काटा उतरत होता. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी तेलीबांध्याला बसमधून उतरताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती पायरीवरून खाली कोसळली. गुडघा फुटला. लोकांनी उचलून रिक्षात घातलं.

आठवड्यानं ठरलेली तपासणी होती. काट्यावर ऐंशी भरले, आणि ती वाट बघत राहिली की डॉक्टर आता शाबासकी देतील. ते कागद बघत बसले. लघवीत किटोन, म्हणजे उपासमारीची खूण, आणि रक्त कमी झालेलं. शेवटी त्यांनी विचारलं, तुम्ही जेवता काय? तिनं खरं सांगितलं. त्यांनी सांगितलं की अशा उपाशी शरीरातून आम्ही मूत्रपिंड काढणार नाही, वजन कितीही उतरलं तरी. आधी आहारतज्ज्ञांना भेटा, तीन महिने त्या सांगतील तसं जेवा, मग या.

तीन महिने. ती बाहेरच्या बाकावर बसली तेव्हा तिच्या मनात एकच गोष्ट होती. आपणच भावाची संधी घालवली.

दिवाकर त्याच इमारतीत डायलिसिसला होता. ती त्याच्या खाटेपाशी गेली आणि काय झालं ते सांगून टाकलं. त्यानं सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, “ताई, मले हे माहीतच नव्हतं. तू माझ्यापायी उपाशी राहून राहिली काय? मंग मी त्या मशीनवर बसतो अजून सहा महिने. मले काही घाई नाही.”

“तुले नसन. मले आहे.”

“काहून? मी कुठं पळून राहिलो काय?”

त्या दिवशी तिला पहिल्यांदा हसू आलं. सहा महिने तो काढू शकतो, हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या छातीवरचं ओझं थोडं सरकलं.

आहारतज्ज्ञ सुषमा देवांगन वयानं तिच्याहून लहान होती, बोलायची हिंदीत, मधून छत्तीसगढी. रागावेल असं वाटलं होतं, ती रागावली नाही. तिनं केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागली. वजन, उंची, वय. बाई असल्यामुळे एवढे वजा. मग तिनं समजावून सांगितलं की तुम्ही दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी श्वास घ्यायला, हृदय चालवायला, अंग गरम ठेवायला शरीराला तेराशे-चौदाशे कॅलरी लागतातच. तुम्ही त्याच्या निम्म्याहूनही कितीतरी कमी देत होता, म्हणून शरीरानं रक्त आणि मांस मोडून खाल्लं. त्यात घरकाम, येणं-जाणं धरलं की होतात एकोणीसशे. त्यातून साडेचारशे कमी करायचे. तिनं आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली. चौदाशे पन्नास.

वनमालानं विचारलं, “इतने में कम होगा?”

“हव. धीरे-धीरे होगा,” सुषमा म्हणाली. आठवड्याला चारशे ग्रॅम, कधी पाचशे. यापेक्षा वेगानं उतरलं तर मला आवडणार नाही. आणि हा आकडा तुमचा आहे, तुमच्या मुलीला किंवा बसमधल्या बाईला देऊ नका, त्यांचा वेगळा निघेल.

मग तिनं तो आकडा जेवणात उतरवून दिला. सकाळी दोन मुगाचे चीले, धिरड्यांसारखे. दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, दही. चार वाजता मूठभर भाजलेले चणे. रात्री वाटीभर भात, वरण, लाल भाजी, म्हणजे माठ. दिवसभरात तेल चार चहाचे चमचे. आणि रोज अर्धा तास चालणं.

भात या शब्दाशी वनमाला थांबली. भात चालेल का, हे तिनं दोनदा विचारलं. सुषमानं वाटीचं माप दाखवलं आणि सांगितलं, काठोकाठ भरा, शीग नको.

त्या संध्याकाळी ती गंधालीच्या समोर ताट घेऊन बसली. वाटीभर भात, वर वरण, लिंबाची फोड. पहिला घास तोंडात गेला आणि तिचे डोळे भरून आले. गंधाली घाबरली. वनमाला म्हणाली, काही नाही, तिखट लागलं. वरणात तिखट नव्हतंच.

पहिल्या आठवड्यानंतर काट्यावर एक किलो जास्त भरलं. ती दिवसभर धसकलेली होती. दुपारचा डबा तसाच परत आणला. संध्याकाळी सुषमाला फोन करून आकडा सांगितला. सुषमा म्हणाली की उपासात शरीरातलं पाणी जातं, जेवायला लागलं की ते परत येतं, ती चरबी नव्हे. दोन आठवडे काट्याकडे बघूच नका, आणि तो डबा आत्ता खा. वनमालानं ओट्यापाशी उभं राहून दुपारच्या गार पोळ्या खाल्ल्या.

दोन आठवड्यांनी ऐंशी. तिसऱ्याला साडेएकोणऐंशी. मग वजन सावकाश, पण उतरतच गेलं. डोकेदुखी थांबली. बस आता ती तेलीबांध्याच्या दोन थांबे आधी सोडायची आणि तलावाच्या काठानं चालत यायची. बसमध्ये ठेठरीचा डबा समोर आला की एक उचलायची, आणि वहीत लिहायची. वही सुषमानंच ठेवायला सांगितली होती, पण वनमालाला ती आवडायला लागली. आपण काय खाल्लं हे लपवायचं नाही, यातच मोठा आराम होता.

पंचाहत्तरला काटा अडला. एक आठवडा, दोन, तीन. वही स्वच्छ होती, चालणं चुकलं नव्हतं. जुनी भीती परत डोकावली, आणि काकडीचा विचारही. पण या वेळी ती वही घेऊन सरळ सुषमाकडे गेली. सुषमानं सगळी पानं वाचली, आणि एकच प्रश्न विचारला. घरात तुम्ही दोघी, तेलाचं एक लिटरचं पाकीट किती दिवस जातं?

वनमालानं आठवलं. बारा-तेरा दिवस.

सुषमानं पुन्हा केसपेपरच्या मागे गणित मांडलं. चार-चार चमचे असते तर पाकीट पंचवीस दिवस गेलं असतं. म्हणजे दोघींच्या पोटात रोज आठ-आठ चमचे जात होते. वनमाला कढईत नेहमीच्या हातानं धार सोडायची आणि वहीत चार चमचे लिहायची, कारण तिला ते चारच वाटायचे. सुरुवातीला वजन जास्त होतं, म्हणून तेवढं तेल जिरून गेलं. आता हलक्या शरीराला लागतंच कमी.

ऐकून तिला वाईट वाटेल असं सुषमाला वाटलं असावं, कारण तिनं लगेच पाण्याचा पेला पुढे केला. पण वनमालाला एकदम मोकळं वाटलं. चूक आपल्या शरीरात नव्हती, नशिबात नव्हती, कढईत होती. आणि ती चमच्यानं दुरुस्त होणारी होती. तिनं घरी जाऊन दोघींचे आठ चमचे सकाळीच एका कपात काढून ठेवायला सुरुवात केली. गंधालीनं दोन दिवस तोंड वाकडं केलं, तिसऱ्या दिवशी भाजी मागून घेतली.

गणपतीत तात्यापाऱ्यातल्या आरतीला तिनं एक मोदक खाल्ला, लिहिला, आणि दुसऱ्याला सरळ नाही म्हणाली. विसर्जनानंतर पाच दिवसांनी ती दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिली. बहात्तर किलो सातशे ग्रॅम. नर्सनं तिला उतरवून पुन्हा चढवलं, तरी तेवढंच. चार दिवसांनी रक्ताचे, लघवीचे कागद आले. सगळं नीट. डॉक्टरांनी सही केली आणि शस्त्रक्रियेची तारीख दिली.

ती त्याच बाकावर येऊन बसली आणि दिवाकरला फोन लावला. सांगितलं. मग क्षमानं फोन घेतला आणि म्हणाली, ताई, हे रडून राहिले, तुम्ही जेवल्या ना आज?

वनमाला म्हणाली, “जेवली. पोटभर.”

शस्त्रक्रिया दिवाळीच्या आधी झाली, आणि दिवाकरच्या शरीरानं बहिणीचं मूत्रपिंड पहिल्याच दिवसापासून चालवायला घेतलं. तो पुढच्या उन्हाळ्यात कारखान्यात रुजू झाला, हलक्या कामावर. पण ते नंतरचं. तिसऱ्या दिवशी वनमाला वॉर्डात टेकून बसली होती, पोटाला पट्टा, समोर दवाखान्याचं ताट. भात, वरण, पनीर, उकडलेली भाजी. तिनं सवयीनं भाताची वाटी हातात घेऊन अंदाज घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात सुषमा फेरीवर आली. तिनं वनमालाच्या हातातली वाटी घेतली, ताटात उपडी केली आणि सांगितलं की जखम भरायची आहे, महिनाभर काही मोजायचं नाही. भूक असेल तेवढं जेवायचं.

“पक्का?” वनमालानं विचारलं.

“पक्का,” सुषमा म्हणाली, आणि पुढच्या खाटेकडे गेली. वनमालानं भात कालवला.