ताट बघणारे अश्विनभाऊ

चंद्रपुरातल्या एका कॉलेजात अश्विन दुर्गे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहेत. नोकरी बाटल्या धुण्याची, गॅसच्या नळ्या तपासण्याची आणि पोरांनी फोडलेल्या परीक्षानळ्यांची यादी ठेवण्याची. पण त्यांना विचाराल तर हे काम ते सगळ्यात शेवटी सांगतील. आधी सांगतील ते सोबती योजनेचं.

या कॉलेजात गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांतून आदिवासी पोरं शिकायला येतात. वसतिगृहात राहतात. मुली येतात, भांडतात, रडतात, आणि टिकतात. पोरांचं उलटं. पोरं भांडत नाहीत, रडत नाहीत, तोंडातून शब्द काढत नाहीत, आणि एका सोमवारी खाट रिकामी दिसते. हे थांबावं म्हणून बारा वर्षांपूर्वी प्राचार्यांनी सोबती योजना काढली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोरामागे तिसऱ्या वर्षाचा एक दादा. दादाने दर शनिवारी एक फॉर्म भरायचा: वर्गात जातो का, पुस्तकं आहेत का, जेवतो का. प्रत्येकापुढे हो किंवा नाही. ज्या प्राध्यापकांकडे योजना दिली होती त्यांनी पहिल्या महिन्यातच फाइल अश्विनभाऊंच्या टेबलावर आणून ठेवली, ती आजतागायत तिथेच आहे. कागदोपत्री समन्वयक वेगळेच कुणी आहेत. त्यांना पोरांची नावं विचारा, घाम फुटेल.

अश्विनभाऊंची स्वतःची एक रीत होती. ते रोज सकाळी साडेनऊला मेसमध्ये जायचे आणि कोपऱ्यात उभे राहून ताटं बघायचे. पोरगं जाणार असलं की आधी त्याचं जेवण उतरतं, हे त्यांचं ठाम मत होतं. आधी भाजी सुटते, मग भात, मग पोरगं. ताट अर्धं राहिलं की अश्विनभाऊ हालचालीला लागायचे. दादाला कामाला लावायचे, सरांना सांगायचे, घरी निरोप धाडायचे. बारा वर्षांत या रीतीने त्यांनी तीसेक पोरं तरी थांबवली असतील, आणि त्याचा त्यांना चांगलाच अभिमान होता. तो ते लपवतही नसत.

ही रीत त्यांना शिकवली कुणी? त्यांच्याच ताटाने. अश्विनभाऊ मूळचे माजरीचे. वडील कोळसा खाणीत होते, घरात शिकण्याचा ध्यास होता, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. बारावीला चांगले गुण पडले आणि पोरगा नागपूरला एका खाजगी वसतिगृहात राहून बी. एस्सी. करायला गेला. तिथं पंधरा दिवसांत त्याचं आडनाव आणि वस्ती सगळ्यांना कळली. कुणी शिवी दिली नाही. फक्त तो बसला की टेबल रिकामं व्हायचं. अश्विन भराभर जेवायला लागला, मग कमी जेवायला लागला, मग मेसमध्ये जाईना. दिवाळीआधी ट्रंक घेऊन ऑफिसात गेला तेव्हा रेक्टरने मान वर न करता कागदावर सही केली. घरी अश्विनने "जमत नाई" एवढंच सांगितलं. बापही खाणीतून थकून आला होता, त्याने जास्त खोदलं नाही. पुढे लग्न झालं, तेव्हा बायकोलाही, रिनालाही, "घरची परिस्थिती" हेच उत्तर मिळालं. का सोडलं, काऊन सोडलं, हे जवळजवळ चाळीस वर्षांत कुणी नीट बसून विचारलं नव्हतं.

तर आता बुधूची गोष्ट.

बुधू महाका भामरागडच्या पलीकडच्या एका माडिया गावातला. त्या गावातून बी. एस्सी.ला आलेला तो पहिलाच. अंगाने काटक, आणि बोलायचा तर फक्त "हो" बोलायचा. समजलं का? हो. नाही समजलं का? हो. पण हात विलक्षण स्थिर. द्रावण मोजताना थेंब कुठं थांबवायचा हे त्याला पहिल्या खेपेला कळलं, आणि अश्विनभाऊंचा जीव त्याच्यावर जडला. त्याचा दादा होता धानोऱ्याचा धनराज उसेंडी, स्वतः गोंड, मनमिळाऊ आणि सांगितलेलं काम चोख करणारा.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अश्विनभाऊंना दिसलं की बुधू काकडीला हात लावत नाही, मग भाजी नको म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात मूल गावच्या एका माजी विद्यार्थ्याने आपल्या शेतातल्या लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाचा नवा तांदूळ मेसला भेट दिला. दर वर्षी देतो, आणि त्या दिवशी पोरं भातावर तुटून पडतात. बुधूने भातही घेतला नाही. दोन पोळ्या, वरण, संपलं. असं चार दिवस.

"काय रे बुधू, बरं हाय ना?" अश्विनभाऊंनी विचारलं.

"हो."

शनिवारी धनराजचा फॉर्म आला. वर्गात जातो का? हो. पुस्तकं आहेत का? हो. जेवतो का? नाही. भाजी सुटली, भात सुटला, आता पोरगं सुटणार! परीक्षेचं प्रॅक्टिकल बारा दिवसांवर होतं, आणि प्रॅक्टिकल बुडालं की अख्खं सत्र बुडणार. अश्विनभाऊंनी वेळ दवडला नाही. भामरागडच्या बाजारातल्या एका ओळखीच्या किराणावाल्याला फोन लावला आणि बुधूच्या बापाला निरोप दिला: पोरगं जेवून नाही राह्यलं, येऊन भेटा.

बाप आला. पुढच्या शनिवारी दुपारी वसतिगृहाच्या फाटकात उभा राहिला, मुलाशी माडियात चार वाक्यं बोलला आणि त्याला घेऊन गेला. अश्विनभाऊ प्रयोगशाळेत होते. त्यांना चौकीदाराने सांगितलं तेव्हा दोघं आलापल्लीच्या बसमध्ये बसलेही होते.

अश्विनभाऊंनी धनराजला बोलावून घेतलं. आवाज चढलेला होता.

"अरे, तू दादा हायस ना त्याचा? पोरगं चाललं गेलं! पाच दिवसांवर प्रॅक्टिकल हाय!"

धनराज गोंधळला. "भाऊ, त्याच्या गावचा पंडुम नाई झाला अजून. नव्या धानाचा सण. पंडुम झाल्याशिवाय नवं खात नाईत ते. काकडी नाई, शेंगा नाई, नवा भात तर मुळीच नाई. गावात अगोदर पूजा होते, मग घरात शिजते."

"हे तुले माहीत होतं?"

"होतं ना. आमच्याकडं बी हाय, पण आता लोक एवढं पाळत नाईत."

"मग फॉर्मवर काऊन नाई लिहिलं?"

"कुठी लिहू, भाऊ? फॉर्मात विचारलं जेवते का. मी लिहिलं, नाई. काऊन जेवत नाई हे कोणी विचारलंच नाई. मले वाटलं तुमाले माहीत असंल. तुमी तर रोजच पाह्यता."

अश्विनभाऊ स्टुलावर बसले. त्यांना त्या क्षणी स्वतःची भयंकर लाज वाटली. पोरगं जाणारच नव्हतं. फुटाणे आणि पोळ्या खाऊन ते आपलं निभावत होतं, गावात पंडुम होण्याची वाट बघत होतं, अभ्यास करत होतं. त्याला घालवलं ते अश्विनभाऊंच्या निरोपाने. ज्याने नागपुरात आपल्याला कुणी काऊन विचारलं नाही म्हणून उभा जन्म सल मनात धरला होता, त्यानेही बारा वर्षं ताटंच बघितली होती.

घरी रिनाला सांगितलं तर तिने फणफणाट केला.

"बारा वर्षं पोरं सांभाळून राह्यले तुमी, अन् एवढं समजलं नाई? आपल्या पोरीले तिखट चालत नाई हे तर दोन वर्षांची असताना समजलं होतं."

"उद्या जातो त्याच्या गावी," अश्विनभाऊ म्हणाले.

"जा. अन् हात जोडून बोला. साहेबासारखं नाई."

रविवारी धनराजला बरोबर घेऊन ते निघाले. भामरागडला उतरून मुक्काम केला, तिथं बोलता बोलता आपणही कॉलेज सोडल्याचं अश्विनभाऊ धनराजला सांगून गेले, आणि सोमवारी सकाळी दोघं चालायला लागले. किराणावाल्याने वाट सांगितली, ती सांगितल्यापेक्षा दुप्पट निघाली. एका नाल्याला अजून गुडघाभर पाणी होतं. छपन्नाव्या वर्षी अश्विनभाऊंनी चपला हातात घेऊन तो ओलांडला आणि पलीकडे बसून पाच मिनिटं फक्त दम खाल्ला.

बुधू अंगणात वही घेऊन बसला होता. त्यांना पाहून तो उठला आणि नुसता उभा राहिला. बाप, लालसू, मासे धरायचा पिंजरा दुरुस्त करत होता. आई, बुधरी, पाणी घेऊन आली. लालसूला मराठी समजत होतं, बोलायला जड जात होतं. तो माडियात बोलला आणि धनराजने जमेल तसं मराठीत सांगितलं.

"तो म्हणते, तुमच्या भाताचा राग नाई. पण तिथी सगळं नवंच शिजून राह्यलं. पोरगं एक तर उपाशी राहील, नाई तर नेम मोडंल. नेम मोडला तर गावाले जड जाईल. पंडुमले अजून बारा-पंधरा दिवस हाय. झाला की धाडतो म्हणते."

"बारा दिवसांनी धाडून उपयोग नाई," अश्विनभाऊ म्हणाले. "परवाच्या दिवशी परीक्षा सुरू होते. गुरुवारी त्याचा नंबर."

लालसू पुन्हा काही बोलला. धनराज जरा अडखळला.

"तो म्हणते, तुमीच बोलावलं म्हणून मी आलो. नाई तर मले काय माहीत होतं."

अश्विनभाऊंनी रिनाने सांगितल्याप्रमाणे हात जोडले. "माझंच चुकलं. पोराले विचाराले पाह्यजे होतं, मी विचारलं नाई. पोरगं तर बराबर होतं." मग त्यांनी आपले उपाय सांगायला सुरुवात केली. मेसमध्ये पोळ्या वाढवू, बिस्किटं आणू, केळी देऊ. लालसू ऐकत होता, पण त्याचा हात पिंजऱ्यावरच होता.

बोलणं चालू असताना बुधरी आत गेली होती. ती टोपलीभर तांदूळ घेऊन बाहेर आली, मागच्या सालचा, ढोलीत ठेवलेला. नवऱ्याला दोन शब्द बोलली. लालसूने पिंजरा खाली ठेवला.

धनराज हसला. "ती म्हणते, जुना तांदूळ इथी पडला हाय, तो घेऊन जा. पण मेसच्या भांड्यात, त्यांच्या गंजात, शिजवू नका."

एवढी साधी गोष्ट अश्विनभाऊंच्या डोक्यात आली नव्हती. "माझ्या घरी शिजवू," ते लगेच म्हणाले. "नवं गंज घेऊ. दोन टाइम डबा नेऊन देतो मी."

"नवं गंज नको," बुधू म्हणाला. हे त्याचं त्या दिवसाचं पहिलं वाक्य. "घासलेलं चालते."

बुधरीने आठ किलो तांदूळ पिशवीत बांधून दिला, आणि बुधू त्यांच्याबरोबर निघाला. परतीच्या नाल्यात ती पिशवी अश्विनभाऊंनी डोक्यावर धरली, आणि धनराजने मागितली तरी दिली नाही.

गुरुवारी बुधू प्रॅक्टिकलला बसला. अश्विनभाऊ त्याच्या टेबलाजवळही फिरकले नाहीत, उगाच कुणी काही म्हणायला नको. लांबून त्यांनी पाहिलं, पोराचा थेंब जिथं थांबायला हवा तिथंच थांबला. रिनाने पुढचे अठरा दिवस रोज वेगळा भात शिजवला आणि रोज कुरकुर केली, पण एकदाही भात करपू दिला नाही. सोबतीच्या फॉर्मवर "जेवतो का" च्या खाली अश्विनभाऊंनी "नसेल तर काऊन" असं छापून घेतलं आणि पुढे चार रेघा मोकळ्या सोडल्या. समन्वयकांनी सही केली, न वाचता.

नोव्हेंबरात किराणावाल्याचा फोन आला. लालसूचा निरोप होता: पंडुम झाला, पोराले आता नवा भात वाढा.

त्या सकाळी अश्विनभाऊ मेसच्या कोपऱ्यात उभे राहिले नाहीत. बुधूच्या समोर जाऊन बसले. बुधूने भाताचा ढीग घेतला होता आणि तो मन लावून खात होता.

"कसा हाय भात?"

"हो," बुधू म्हणाला. मग स्वतःहूनच, "आमच्या गावचा याच्याहून चांगला हाय."

अश्विनभाऊ हसले. बुधूने आणखी दोन घास खाल्ले. मग मान वर केली आणि एकेक शब्द जुळवत विचारलं, "भाऊ, धनराजदादा सांगे, तुमी पण कॉलेज सोडलं होतं. काऊन सोडलं?"

दहाची घंटा झाली, पोरं ताटं उचलून धुवायला गेली, बुधू मात्र उठला नाही, उत्तराची वाट बघत बसून राहिला. अश्विनभाऊंनी समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि सांगायला लागले. "नागपूरले गेलो होतो मी. तिथी एक टेबल होतं..."