तीन लाल ठिपके आणि दसरा

सलोतेच्या नावापुढे सलग तीन लाल ठिपके आले होते. लाल ठिपका म्हणजे ‘मिस्ड व्हिजिट’. तीन झाले की त्या वर्करला त्या घरावरून काढायचं, हा आमचा नियम. मॅनेजर हेमी म्हणाला, “मंजिरी, दोन वाजता मीटिंग. त्याआधी काही एक्स्प्लनेशन असेल तर आण.”

मी ऑकलंडमध्ये होमकेअर कोऑर्डिनेटर आहे. वयस्कर लोकांच्या घरी जाऊन त्यांना आंघोळ घालणं, औषधं देणं हे आमच्या वर्कर्सचं काम. कोण कुठे जाईल ते ठरवणं आणि दोन्हीकडची बोलणी खाणं माझं. यंदा व्हिजिट व्हेरिफिकेशन आलं. क्लायंटच्या दाराशी क्यूआर कोडचा स्टिकर असतो. वर्करने येता-जाता तो फोनने स्कॅन करायचा. स्कॅन नाही तर व्हिजिट झालीच नाही. माणूस समोर न्हाऊन, पावडर लावून बसलेलं असलं तरी नाही.

घर हिल्सबरोच्या वैद्यकाकूंचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काकूंनी चार जणींना दारातूनच परत पाठवलं होतं. टोंगाची सलोते तेवढी टिकली. ती गेली तर काकू दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तडक निघाले.

दार सलोतेनेच उघडलं. काकू वेणी घालून सोफ्यावर बसलेल्या.

“तीन दिवस आली होतीस?” मी तिला विचारलं.

“ऑफ कोर्स. स्कॅन केलं की ते चाक फिरत राहतं. वाटलं नेटवर्क नसेल, नंतर जाईल. स्वीट ॲज.” म्हणजे इथल्या बोलीत ‘काही हरकत नाही’.

मी चौकटीकडे पाहिलं. स्टिकरवर हळद, कुंकू, गंधाची पाच बोटं आणि सेलोटेपने चिकटवलेलं झेंडूचं फूल.

“काकू, हे काय?”

“अगं, दसरा नव्हता का? मिक्सरची पूजा केली, वॉकरची केली. ह्याच्यावर हिची हजेरी लागते, मग ह्याची नको? पोरीच्या पोटापाण्याचं यंत्र ते.”

मला हसू आलं. पर्समधून वेट वाइप काढला, पण हात पुढे जाईना. पुण्यात वाढलेली मी, पूजेच्या वस्तूवर फडका कसा मारू? वाइप सलोतेपुढे धरला. ती दोन पावलं मागे सरली.

“नो वे. प्रेयर आहे ती. मी तीन दिवस बोटसुद्धा लावलेलं नाही.”

एक वाजून गेला होता. शेवटी काकूंनीच तोड काढली. वॉकर धरत दाराशी आल्या, स्टिकरवर अक्षता टाकल्या, “पुनरागमनाय च” म्हणाल्या आणि तो सोलून तुळशीच्या कुंडीत ठेवला. झाली उत्तरपूजा. मी गाडीतला नवा स्टिकर लावला. सलोतेने स्कॅन केलं. हिरवा ठिपका.

जुने तीन लाल मात्र तसेच. ते पुसायला सिस्टिममध्ये कारणांची यादी आहे: फोन बंद, नेटवर्क नाही, क्लायंट घरी नाही. मी ‘अदर’ निवडलं आणि लिहिलं, “क्लायंटने स्टिकरची पूजा केली.” सलोते तिन्ही दिवस आली होती, असं लिहून त्याखाली घेतलेली काकूंची सही जोडली.

हेमी माओरी आहे. दोनच्या मीटिंगमध्ये त्याने ते दोनदा वाचलं.

“आपल्या नव्या गाड्या आल्या तेव्हा आपण काय केलं होतं?”

“कराकिया.” म्हणजे प्रार्थना. सगळा स्टाफ पार्किंगमध्ये उभा होता.

“आणि त्या सकाळच्या व्हिजिट्स?”

“उशिरा झाल्या.”

“हं,” म्हणून त्याने तिन्ही ठिपके हिरवे केले.

आता आम्ही स्टिकर लॅमिनेट करून लावतो. कुंकू लागलं तरी पुसता येतं. पुसायचं कुणी, ते अजून ठरलेलं नाही.