वैदेहीच्या कॉम्प्युटरातले भाऊ

चाळीत किस्से जमवावे लागत नाहीत, दार उघडं दिसलं की आपणच आत येतात. परवा जिन्यात दोघी कुजबुजत होत्या, "वैदेहीनं म्हणे बापाचं हृदय कॉम्प्युटरात ठेवलंय, आणि ते अजून..." मला बघून गप्प! आता अर्धी बातमी मला पचते होय?

शेजारची खोली भाऊंची. भाऊ, माई आणि त्यांची एकुलती एक वैदेही.

*

पोरीला नोकरी लागली तेव्हा मी विचारलं, "डॉक्टर झालीस?"

"नाही गं काकू. स्कॅनमधल्या हृदयाची कड कॉम्प्युटर आखतो, त्याला ते शिकवते मी. आकसताना आकार कसा, फुलताना कसा, ते ताडून सांगतो, हे नीट हलतं की नाही."

भाऊ म्हणाले, "म्हणजे कवायतीची मास्तरीण!"

*

रविवारी निम्मी चाळ जुने रिपोर्ट घेऊन दारात. सावंत आजोबांनी तर गुडघ्याचा एक्स-रे आणला!

"आजोबा, मी हृदयाचं बघते."

"मग? गुडघा हलत नाही काय?"

*

मग भाऊंनाच जिन्यात धाप लागायला लागली. स्कॅन झाला. वैदेहीनं तो घरी लावून दाखवला. भाऊ चष्मा पुसत म्हणाले, "सगळे नाचतायत, हा कोपऱ्यातला कोण नुसता उभा?"

"बाबा, तोच भाग मागे पडतोय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लगेच करा."

"गणपती होऊ देत. गावच्या घरात आरतीचा पहिला सूर मीच लावतो."

पोरगी भांडली, रडली, जेवली नाही. भाऊ बॅग भरून माईंसोबत निघालेच. जाताना मला म्हणाले, "वहिनी, हिला जेवायला हाक मारत जा. कामाला बसली की उपाशी राहते."

*

गौरी गेल्या त्या संध्याकाळी फोन आला. भाऊंनी आरती पूर्ण म्हटली, खांबाला टेकून बसले, ते उठलेच नाहीत.

*

तर काल आमटीची वाटी घेऊन मी शेजारी गेले. निमित्त आमटीचं, दुसरं काय!

स्क्रीनवर हृदय नव्हतंच. नुसती एक पांढरी रेघ, मुठीएवढी. आकसायची, फुलायची. डावा कोपरा तसाच मागे.

"एकच ठोका आहे, काकू," वैदेही म्हणाली. "तोच पुन्हा पुन्हा फिरतो."

माई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलं नाही. बराच वेळ बघत होत्या. मग लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या,

"बंद कर गो आता. दमले असतील."