रोवण्याची पहिली पेंडी

"तुज्या रक्तातच कीड होती. तिनंच माजा पोरगा खाल्ला."

भिंतीपलीकडून हे ऐकलं तेव्हा माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. बोलणारा माझा चुलत दीर उदेभान, ऐकणारी त्याची बायको रुख्मा. त्यांचा धाकटा मुन्ना हाडं दुखून दुखून सिकलसेलनं गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. रुख्मा एवढंच म्हणाली, तो माजाबी होता.

तसा उदेभान वाईट माणूस नव्हे. आमच्या कामठ्यात कोणाचा बैल अडला की यालाच बोलावणं. तंबाखू-सुपारीचा खर्रा आणि हेका, दोन्ही त्याच्याकडून सुटायचे नाहीत, एवढंच. पण त्या वर्षापासून रोवण्याला, धानाच्या लावणीला, रोपांची पहिली पेंडी लावायचा घरधनिणीचा मान त्यानं रुख्माकडून काढला. दरवर्षी सायकलनं जाऊन बहिणीला, मंदाबाईला, घेऊन यायचा. रुख्मा मागून चिखलात उतरायची. गाव समजून गेला, बाईचा हात लाभाचा नाही.

यंदा त्यांच्या थोरल्या पोराची पोरगी आचल नागपूरहून डब्या घेऊन आली. घरीच नळीत थुंकायचं, पार्सल पाठवायचं, रक्तातले रोग मोबाइलवर कळतात म्हणे. तिचं लग्न ठरत होतं, म्हणून तिनं आजी-आजोबालाही थुंकायला लावलं. आधी अर्धा तास तोंड रिकामं पाहिजे होतं. उदेभाननं हसत हसत खर्र्याची पुडी खुंटीला टांगली. एवढा त्याला स्वतःच्या रक्ताचा भरवसा.

निकाल आला तेव्हा मी तिथंच तांदूळ निवडत होते. आचल स्वतः त्या दोषातून सुटली होती. मग ती म्हणाली, "आबाजी, हा दोष आजीत अर्धा आहे, अन् तुमच्यातबी अर्धा. दोघांकडून आला तरच मुन्नाकाकासारखं होते."

उदेभाननं पुडी सोडली, खर्रा हातात धरला, पण तोंडात टाकला नाही. त्यानंतर माझ्या दारावरून तो मान खाली घालून जायचा. भिंत पातळ आहे, हे त्याला आत्ता आठवलं असावं.

रोवण्याच्या सकाळी बांधीत, धानाच्या वाफ्यात, त्यानं पेंडी रुख्मापुढे ठेवली. "यंदा तूच लाव."

तिनं पेंडीकडे पाहिलंही नाही. "लावतो न. पहिले या बायाइले सांगा, इतके वर्स काऊन नाही लावू देल्ली."

बाया पदर खोचून उभ्याच होत्या. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बसले होते. त्याचे ओठ हलले. मला वाटलं, आता बोलतो.

मग त्यानं सायकल काढली, हँडलला पिशवी अडकवली आणि मंदाबाईला आणायला गेला. दरवर्षीसारखाच.