तडे दिसले पाहिजेत

माझी वहिनी बाटिकच्या साड्या करते. उज्जैनमध्ये भैरवगढचं बाटिक कोणाला ठाऊक नाही? पण बँकेच्या बदलीमुळे इथं येऊन राहिलेल्या मराठी घरातली सून गच्चीवर मेण वितळवत बसते म्हटलं की आमच्या नातेवाइकांच्या भुवया अजून वर जातात. जाऊ देत. भैरवगढच्या कारागिरांकडेच ती शिकली, आणि तिचा हात असा बसलाय की काय सांगू. पण तिचं कापड घ्यायचा बाजारातला एक दुकानदार, आणि विकायचा स्वतःचं लेबल लावून. मला त्याचा भयंकर राग यायचा. मी कंप्यूटरवाली, शेवटी तिच्या मागे लागून मीच तिची वेबसाइट बनवली.

वेबसाइट दिसायला एकदम झकास होती. फक्त उघडायची नाही.

हे कळलं देवास गेटच्या बसस्टँडवर. वहिनीची ओढणी बघून एका बाईनं विचारलं, कुठून घेतली. वहिनीनं ऐटीत फोन काढून वेबसाइट लावली. साडीचा फोटो वरून खाली पट्टीपट्टीनं यायला लागला. काठ दिसला, थोडं अंग दिसलं, आणि पदर यायच्या आत त्या बाईची बस सुटली. वहिनी तोंड पाडून घरी आली आणि म्हणाली, दिवाळीपर्यंत वाट बघते, नाहीतर कापड पुन्हा दुकानदाराला देऊन टाकते.

माझं डोकंच सटकलं. त्याला? परत? मी लगेच लॅपटॉप उघडला आणि घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. फोटो दादानं त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यानं काढलेले, एकेक फोटो चौकात होर्डिंग लावता येईल एवढा. तो मी जसाच्या तसा वेबसाइटवर चढवलेला. फोनच्या टीचभर पडद्याला एवढा फोटो काय करायचाय?

मग मी सगळे फोटो जेपीजीतून वेबपीमध्ये करायला घेतले. हा फोटो साठवायचा नवा प्रकार, चित्र तेच पण फाइल कितीतरी हलकी. आणि काय मजा आली म्हणून सांगू! एक पट्टी असते, ती डावीकडे सरकवली की फाइल आणखी हलकी होते. मी सरकवली. फोटो तसाच दिसतोय. आणखी सरकवली. तरी तसाच! मला तर चेवच चढला. जेवायला हाक मारली तरी उठले नाही.

परीक्षा घ्यायला मी मुद्दाम रामघाटावर गेले, आरतीच्या वेळी. तिथल्या गर्दीत नेटवर्कचा जीव नुसता कासावीस होतो. बटण दाबलं आणि फटाफट सगळ्या साड्या समोर! मी तिथंच उडी मारली. शेजारच्या आजींनी विचारलं, "क्या हुआ बेटा, नौकरी लग गई?" मी हो म्हणून टाकलं, कोण समजावत बसणार.

आणि खरंच ऑर्डरी यायला लागल्या. वहिनी मेणाचं पातेलं चुलीवरून उतरवेना. मी घरभर मिरवत होते. आई म्हणाली, हुरळली मेंढी अन् लागली लांडग्याच्या पाठी. मी लक्षच दिलं नाही.

मग नागपूरहून एक पार्सल परत आलं. आत वहिनीची निळी साडी आणि ती घेतलेल्या बाईंची चिठ्ठी, की फोटोत साडी छान गुळगुळीत होती, पाठवलीत ती खराब आहे, रंगाला सगळीकडे तडे गेलेत.

मी भांडायच्याच तयारीत होते. वहिनीनं मात्र शांतपणे माझा फोन घेतला, साडीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि माझ्यासमोर धरला. मेण लावलेलं कापड ती हातानं चुरगाळते, मेणाला बारीक भेगा पडतात, रंग त्यांत शिरतो, आणि केसासारख्या रेघांचं जाळं उमटतं. बाटिकचा जीवच तो. फोटोत एकही रेघ नव्हती. फाइल हलकी करताना सगळ्यात आधी बारीकसारीक रेघाच जातात, आणि मी तर पट्टी पार टोकाला नेलेली.

"तडे पुसलेस गं तू," ती म्हणाली. "तेवढंच तर माझं होतं त्यात."

मला रडूच आलं. पण रडत बसणं आमच्या रक्तात नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, या वेळी तिला शेजारी घेऊन. आधी फोटोची लांबी-रुंदी फोनच्या मापाची केली, निम्मं वजन तिथंच उतरलं. मग मी पट्टी हळूहळू सरकवायची आणि रेघा विरायला लागल्या की तिनं "बस" म्हणायचं. तिथून एक पाऊल मागे. शिवाय प्रत्येक साडीचा वीतभर तुकडा जवळून काढला, लख्ख, आणि बाकीचं पान उघडल्यावरच तो यावा अशी सोय केली. खाली वहिनीनं स्वतः लिहिलं: हे तडे हाताने पाडलेले आहेत, दोन साड्यांचे सारखे येत नाहीत.

पान तरीही फटाफट उघडलं. मी वहिनीला गच्चीभर फिरवलं.

आता लोक तो तुकडा मोठा करकरून बघतात आणि विचारतात, अजून दाट तड्यांची आहे का? नागपूरच्या त्या बाईंचाही मेसेज आला, तीच निळी साडी परत मिळेल का म्हणून. वहिनीनं कळवलं, ती गेली, दुसरी करून देते.

दिवाळीच्या तोंडावर दुकानदाराचा फोन आला. वहिनीचे हात कोपरापर्यंत निळ्या रंगात, म्हणून फोन मी तिच्या कानाला धरला. माल कधी पाठवताय, त्यानं विचारलं. वहिनी अगदी गोड आवाजात म्हणाली, "नहीं भाईसाब, अब तो मुझे ही कम पड़ता है."

मी फोन बंद केला. तिनं ते निळे हात तसेच माझ्या दोन्ही गालांना लावले आणि हसत सुटली. मी ओरडलेही नाही. तशीच ऑफिसला गेले, आणि ज्यानं ज्यानं विचारलं त्याला वेबसाइट उघडून दाखवली.